न बोललेला नवस

माझी आई, आसराबाई, नवस बोलण्यात आमच्या अख्ख्या धावडा गावात पहिल्या नंबरची. म्हैस गाभण राहिना, राजूरच्या गणपतीला नवस. भावाला, सुग्रीवला, मोटरसायकलचं लायसन मिळेना, नवस. बोअरचं पाणी, मामाचा गुडघा, शेजारच्या पोरीचं लग्न, सगळं गणपतीच्या गळ्यात. मी म्हणते, देवाला एखादा रविवार तरी सुट्टी दे.

त्या रविवारी आम्ही म्हशीचा नवस फेडायला राजूरला गेलो. आईच्या हातात नारळाचं तोरण आणि माझ्या मोबाइलमध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेचा मेल. पीएचडीसाठी माझी निवड झाली होती. येणार की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी उगवण तपासते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, मोड मोजायचे, पास की नापास ते सांगायचं. कामात मी कुणाच्या बापाला भीत नाही. मालकाच्या लाडक्या वाणालाही तोंडावर नापास केलंय. पण या मेलनं माझी बोबडी वळली होती.

कारण तिथले सर. मुलाखतीत त्यांनी सरळ विचारलं, "माझ्याकडे प्रयोग वर्ष-वर्ष फसतात. तुम्ही टिकाल कशावरून?" मी काहीतरी पुटपुटले. नंतर त्यांच्याकडेच पीएचडी करणाऱ्या अर्पिताला फोन लावला. ती म्हणाली, "सर ओरडत नाहीत गं. फक्त 'परत करा' म्हणतात. तेवढंच ऐकून काही जण बॅग भरून गेले." तेव्हापासून मला वाटायला लागलं, यांनी चुकून माझ्या नावावर बोट ठेवलं. तिथे फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं असणार, आणि मी घाबरले की "करून राह्यले सर" म्हणणारी. खरंच भीती वाटत होती.

दर्शनाच्या रांगेत मी आईला विचारलं, "माय, माझ्या पीएचडीचा काय नवस बोललीस?"

"तुझा? न्हाई बोल्ले."

माझं डोकंच फिरलं. "म्हशीला तोरण आणि मला काहीच नाही? बारावीला तरी बोलली होतीस ना?"

"बारावीला बी न्हाई, एमएस्सीला बी न्हाई."

"आणि सुग्रीवच्या लायसनला बोलतेस!" रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

"त्याला देव लागतोच. टेस्टला दर बारीला पाय टेकवून बसतो. अन् म्हैस काय माझ्या हातात हाय का?" आईनं तोरण या हातातून त्या हातात घेतलं. "जे आपल्या हातात न्हाई, त्याचा नवस बोलत्यात, प्रांजे. औंदा घरचं सोयाबीन पोत्यात गुंडाळून तपासलं तू. मेळ बसला न्हाई म्हून परत लावलं. मंग परत. तुझा बाप पेरणीसाठी दारात पाय आपटून राह्यल्ता, तरी तू हटली न्हाई. त्याच्यात देवाला कशाला मधी घालू?"

ज्या शब्दाला घाबरून लोक बॅगा भरत होते, तो 'परत' तर मी माझ्याच बापाला रोज ऐकवत होते. तेही कुणी न सांगता.

गाभाऱ्यात हात जोडले आणि सवयीनं तोंड उघडलं. "देवा, तिथे टिकू दे, तुला तोरण..." एवढं म्हणून थांबले. आईसारख्या जुन्या गिऱ्हाइकानं जे मागितलं नाही, ते मी कशाला मागू? म्हटलं, "म्हशीकडे तेवढं लक्ष असू दे," आणि बाहेर आले.

बाहेर पायरीवर बसून मेल लिहिला. येते, असं कळवलं. त्यांच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तरही खाली लिहिलं. सर, मला परत करायची सवय आहे.

"काय करून राह्यली?" आईनं विचारलं.

"होय म्हणून कळवून राह्यले."

"बराबर." आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा देवळाकडे निघाली.

"आता कुठे?"

"नवस बोलून येते. तुझ्या त्या सरासाठी. तू काय हटणार न्हाई. त्याचा दम टिकला पाहिजे, अन् त्याचं काय आपल्या हातात न्हाई."