तारामती मॅडमची ड्यूटी

तारामतीबाई किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होत्या. सगळी नोकरी तिथंच झाली. जंगलातल्या आदिवासी-बंजारा वस्त्यांवरून, गुड्या-तांड्यांवरून आलेल्या पोरींना वेणी घालायला शिकवण्यापासून बारावीचा अर्ज भरून देईपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. नवरा लवकर गेला. थोरली वर्षाराणी आईबरोबर वसतिगृहातच वाढली. धाकट्या व्यंकटला मात्र तिथं राहता येईना. मुलींचं वसतिगृह, नियम कडक. त्याला हिमायतनगरला मामाकडं ठेवलं. तो तिथंच मोठा झाला, तिथंच शेती करू लागला.

निवृत्तीनंतर बाई लातूरला लेकीकडं आल्या. वर्षाराणी एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, नवरा सुदर्शन डाळमिलमध्ये हिशेब बघायचा. पहिली काही वर्षं चांगली गेली. मग बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. वरणात मीठ दोनदा पडू लागलं. एका सकाळी त्यांनी सुदर्शनलाच विचारलं, "आपण कुणाकडं आलात?"

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, बराच वेळ प्रश्न विचारले आणि वर्षाराणीला समोर बसवून सांगितलं, "हा डिमेन्शिया आहे. औषधानं थोडा धीमा होईल. गेलेलं परत येणार नाही. आता तुम्हाला जास्त सांभाळावं लागेल, त्यांना आणि स्वतःलाही."

तिनं दवाखान्याच्या पायरीवरूनच व्यंकटला फोन लावला.

"ताई, वय झालं की समदेच इसरतेत," व्यंकट म्हणाला. "आपली आजी न्हाई का इसरायची? तू लई मनाला लावून घेऊन राहिलीस. चार दिवस इकडं पाठव, शेतात फिरली की बरी हुईल."

वर्षाराणीनं फोन ठेवला. त्यानंतर काही महिने तिनं त्याला काही सांगितलंच नाही.

संध्याकाळ सगळ्यात वाईट असायची. उन्हं कलली की बाई दाराशी येऊन उभ्या राहायच्या. "मुली आल्या का गं शाळेतून?"

"आई, कुठल्या मुली? तू रिटायर झालीस. हे लातूर आहे."

मग बाईंचा चेहरा घाबराघुबरा व्हायचा. त्या ओरडायच्या, कधी लेकीचा हात झिडकारायच्या. वर्षाराणी पुन्हा समजावायची, पुन्हा भांडण व्हायचं. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून आलेल्या लेकीचा आवाज किती वेळ मऊ राहणार?

एकदा ती घरी आली तर दार सताड उघडं. सुदर्शन आंघोळीला गेला होता, तेवढ्यात बाई निघून गेल्या होत्या. दोघं दोन दिशांना धावले. गल्ली संपते तिथं क्लासच्या मुलींची एक मेस होती. तिथून वर्षाराणीला आईचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत.

"रांगेत बसा. आधी हात धुऊन या. ताटात टाकायचं नाही."

डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला लातूरला आलेल्या वीस-बावीस पोरी गुपचूप हात धुवायला उठल्या होत्या. मेस चालवणारी रईसा भाकरीची टोपली घेऊन बाईंच्या मागं मागं फिरत होती. वर्षाराणीला पाहताच तिनं डोळ्यानंच थांबवलं. बाईंनी सगळ्यांना वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले आणि खुर्चीवर शांत बसल्या. इतक्या शांत त्या कित्येक दिवसांत दिसल्या नव्हत्या.

"माफ करा, मी त्यांना घेऊन जाते. त्यांना..." वर्षाराणी आईच्या खुर्चीकडं वळली.

"बसा ताई. आधी पाणी घ्या," रईसा म्हणाली. "मला कळलं. आमच्या अब्बांना हेच होतं. लालमहंमद टेलर, गंजगोलाईत दुकान होतं त्यांचं. शेवटी शेवटी रोज आपल्या भावाला हाका मारायचे. चाचा तर कवाच वारलेले. मी रोज सांगायची, अब्बा, चाचा गेले. अन् रोज त्यांना नव्यानं रडू यायचं. मीच रडवायची की त्यांना. मग एक दिवस थकून म्हणलं, चाचा बाजारात गेलेत, येतेत. अब्बा जेवले अन् झोपले."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"त्यांना भ्या वाटू नये एवढंच बघायचं. खरं सांगून काय मिळालं मला?"

रईसानंच तिला सांगितलं की शहरातल्या एका दवाखान्यात दर महिन्याला एका रविवारी अशा घरांतली माणसं जमतात. वर्षाराणी जायला तयार नव्हती. परक्यांसमोर आईचं काय सांगायचं? रईसा तिला रिक्षात घालून घेऊन गेली. अब्बा जाऊन वर्षं झाली तरी ती जात असे. तिथं एक निवृत्त तलाठी बायकोला आंघोळ घालताना काय होतं ते सांगत होते. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. एकीनं विचारलं, "पाणी कोमट घेता का? आधी पायावर घ्या, डोक्यावर नको." वर्षाराणीची पाळी आली तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्यांनी तिला रडू दिलं. मग चहा आला.

त्या दिवसापासून संध्याकाळी आईनं विचारलं की ती म्हणू लागली, "येतीलच इतक्यात. तोवर शेंगा निवडू या का?" कधी जमायचं, कधी नाही.

दिवाळीत व्यंकट आला आणि हट्टानं आईला हिमायतनगरला घेऊन गेला. वर्षाराणीला थोडी विश्रांती हवीच होती. तिनं औषधं दिली, काय बोलायचं, काय नाही ते समजावलं. "बरं बरं," म्हणत त्यानं पिशवी उचलली.

दोन-चार दिवस ठीक गेले. मग एका दुपारी किनवटहून फोन आला. "ताई, मी लुंबिनी. ओळखलंत का? मी आता इथं अधीक्षिका आहे." लुंबिनी त्याच वसतिगृहात शिकलेली. "मॅडम इथं आल्यात. रेल्वेनं, एकट्या. थेट ऑफिसात येऊन खुर्चीवर बसल्या. मी उभीच राहिले समोर, काय करणार!"

तिकडं व्यंकटच्या घरी त्याची बायको उमाबाई, सासू देवळात गेली असेल, असं समजून बसली होती. वर्षाराणीनं कळवल्यावर व्यंकट मित्राची जीप घेऊन किनवटला पोचला तेव्हा बाई फाटकाशीच उभ्या होत्या.

"कोण पाहिजे?"

"आई, मी. व्यंकट."

बाईंनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझा व्यंकट लहान आहे. मामाकडं असतो. तुम्ही कुणाचे पालक? पुरुषांना आत येता येत नाही. रविवारी या." आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

व्यंकटनं रस्त्याच्या कडेला जाऊन बहिणीला फोन केला. पन्नाशीला आलेला माणूस, पण लहान पोरासारखा तक्रार करू लागला. "ताई, तिनं मला वळखलं न्हाई. आत घेतलं न्हाई."

"मला माहितीय रे," वर्षाराणी म्हणाली. "आता ऐक. तू तिचा मुलगा आहेस हे सांगू नको. लुंबिनीला सांगायला लाव, सुट्टी लागली, मॅडमसाठी गाडी आलीय. तू ड्रायव्हर."

"मी ड्रायव्हर?"

"आजच्या दिवस."

लुंबिनीनं तसंच सांगितलं. बाईंनी तिला मुलींच्या दुधाबद्दल दोन सूचना केल्या आणि जीपमध्ये मागं बसल्या. जंगलाचा रस्ता सुरू झाला.

"आई आहे का घरी तुमची?" बाईंनी विचारलं.

"हाय, मॅडम."

"काय करते?"

"नोकरी केली तिनं. पोरींच्या बोर्डिंगात."

"मग तुम्हाला कुणी सांभाळलं?"

"मामानं."

"राग असेल मग तुमच्या मनात."

व्यंकटनं गिअर बदलला. समोरून लाकडाचा ट्रक गेला.

"माझाही एक मुलगा आहे," बाई म्हणाल्या. "भेटायला आला की फाटकापाशी उभा राहतो. मला त्याला आत घेता येत नाही. मीच बाहेर जाते. तो हात धरून ठेवतो, सोडत नाही. गाडीची वेळ झाली की मामा ओढून नेतात. त्या दिवशी माझी ड्यूटी नीट होत नाही. मुली विचारतात, मॅडम बरं नाही का?"

व्यंकटनं जीप कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"काय झालं? उपाशी आहात का?" बाईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून पुढं केला. "घ्या. उपाशीपोटी गाडी चालवू नये."

त्यानं बिस्किटं घेतली आणि खाल्ली. हिमायतनगर येईपर्यंत बाई झोपल्या होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात तो आईला घेऊन लातूरला आला, आणि या वेळी लगेच परत गेला नाही. जागा बदलली की आई बिथरते, तेव्हा तिला लातूरलाच ठेवायचं ठरलं. शेतातलं काम आवरलं की व्यंकट येऊन राहतो, नसेल तेव्हा उमाबाई येते. वर्षाराणीची नोकरी टिकली. ती आणि सुदर्शन मधे लग्नाला म्हणून उदगीरला जाऊन मुक्काम करून आले. आठवड्यातून दोन संध्याकाळी बाई रईसाच्या मेसमध्ये बसत. पुढं त्यांना तेवढं चालणं जमेना, तेव्हा रईसाच दोन-तीन पोरींना घेऊन घरी येऊ लागली.

बाईंनी व्यंकटला पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही. पण त्याच्या हातून जेवतात. नखं कापताना हात त्याच्या हातात देतात.

रविवारच्या बैठकीला आता बहीण-भाऊ दोघं जातात. व्यंकट भिंतीशी बसून नुसता ऐकतो. मागच्या खेपेला औशाकडचा एक माणूस वडिलांच्या फायली छातीशी धरून आला होता. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "एवढंच सांगा, किती दिवसांत बरे होतील?"

व्यंकट उठला, आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसला.

"गाव कोणतं म्हणलं तुमचं?" त्यानं विचारलं.