अकरा आठवड्यांची शून्यं

तनुजाने गोणपाटाचा कोपरा चिमटीत धरून उचलला. खाली मुठीएवढ्या नऊ गोगलगाई एकमेकींवर चढून बसल्या होत्या, आणि त्यांच्या बुळबुळीत अंगाखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी होती. तिने गोणपाट सोडलं, हात सलवारीला पुसला. तरी बोटं चिकटतच राहिली.

गेले अकरा सोमवार ती कृषी खात्याकडून लातूरहून अर्धापूरजवळच्या या पपईच्या रोपवाटिकेत येत होती. आदल्या दिवशी फोन करायची. रोपवाटिकेच्या मालकीण गुणाबाई संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली चाळीस गोणपाटं रोपांमधून अंथरायच्या, आणि सकाळी दहाला येऊन तनुजा त्यांच्याखालच्या गोगलगाई मोजायची. अकराही वेळा शून्य. काल तिचा मुक्काम नांदेडलाच होता, म्हणून आज ती सहालाच पोचली होती.

वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गुणाबाई नाकाला पदर लावून उकिडव्या बसल्या होत्या. हातातल्या चिमट्याने एकेक गोगलगाय मिठाच्या बादलीत टाकत होत्या. बादलीत फेस आला होता, आणि वास असा की उभं राहवेना.

"आज लवकर आलाव? जरा थांबा, दोन ओळी राहिल्यात."

"मावशी, हे काय करताय?"

"साफ करून राहिले. पाव्हणं यायच्या आधी माणूस घर झाडत न्हाई का?"

"दर सोमवारी?"

"हाव. तुम्ही एवढ्या लांबून येता, अन् तुमाला ही घाण दाखवायची? मलाच बघवत न्हाई. हाताचा वास जात न्हाई म्हणून सोमवारी दुपारपस्तोर मी भाकर खात न्हाई."

त्या खरं बोलत होत्या. दर सोमवारी मोजणी झाल्यावर त्यांनी तनुजापुढे पोह्यांची ताटली ठेवली होती, स्वतः मात्र कधी घास घेतला नव्हता. उपवास असेल, असं समजून तनुजाने कधी विचारलं नाही.

गोगलगाय असली तर ती गोणपाटाखाली सापडण्याची शक्यता दहात सात, असं तिने गणितात धरलं होतं. त्या हिशेबाने अकरा शून्यांनंतर कीड संपली असण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णवहूनही जास्त निघत होती. गणितात पाऊस होता, उन्हाचं तापमान होतं, मातीची ओलसुद्धा होती. गुणाबाई नव्हत्या. पाचव्या शून्यानंतर तिने स्वतःच औषधाच्या गोळ्या टाकणं बंद करायला सांगितलं होतं. आता तिला गोगलगाईंपेक्षा स्वतःच्या हुशारीची किळस आली.

पिशवीत निर्मूलनाचं पत्र तयार होतं. आज बारावं शून्य लागलं की रोपं विकण्यावरची दोन वर्षांची बंदी उठणार होती, आणि इथली तीन हजार रोपं जिल्हाभर जाणार होती. तनुजाने जवळच्याच एका रोपाच्या पिशवीत बोट घातलं. दोन पेरांवर मातीत पांढरे दाणे लागले.

ती वही घेऊन बसली.

"काय लिवता?" गुणाबाईंनी विचारलं.

"आधी बादली मोजू. मग उरलेल्या दोन ओळी."

"म्हंजे बंदी ऱ्हाणार."

"हो."

गुणाबाईंनी चिमटा खाली ठेवला.

"मी झाडलं नसतं तर पैलेच कळलं असतं?"

"जूनमध्येच. तेव्हा थोड्या होत्या."

"मग कोणी सांगितलं का न्हाई, झाडू नका म्हणून?"

तनुजाच्या पंधरा पानी सूचनांमध्ये गोणपाट किती बाय किती असावं, हेसुद्धा लिहिलेलं होतं.

तिला एकदम दुपारची भोकरची मोजणी आठवली. तिथे बारा शून्यं झाली होती, आणि तिथली बंदी तर मागच्याच आठवड्यात उठली होती; आज फक्त शेवटची खातरजमा होती. तिने तिथल्या रोपवाटिकेचे मालक पिराजी यांना फोन लावला.

"काका, मी आत्ताच निघते. आठपर्यंत पोचते."

पलीकडून बादल्यांचा खडखडाट ऐकू आला.

"आत्ता नका येऊ, मॅडम," पिराजी अजिजीने म्हणाले. "बाया आत्ताशी येचायला लागल्यात. तुम्ही आपलं नेमीसारखं दुपारी एक वाजता या. तवर समदं चकाचक करून ठेवतो."