एकोणपाच

भिंगरी माझी भाची आणि दुसरीत माझ्याच वर्गात. घरी मी आत्या, शाळेत बाई. तिची मधेच गल्लत होते आणि अख्ख्या वर्गासमोर ती मला "ए आत्या" म्हणते. तोंडाचा पट्टा सदा सुरू. तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, नोकरीसाठी लांब गेला तेव्हाही हा पट्टा थांबला नव्हता.

थांबवला तो मुख्याध्यापकांनी. वर्गात येऊन तिला म्हणाले, "एकोणतीस लिही." तिनं फळ्यावर ३९ लिहिलं. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत, ते त्याहून वाईट.

"शुक्रवारी पुन्हा विचारीन. नाही जमलं तर पहिलीत बसवू. आणि बाई, भाची म्हणून सूट नाही."

त्या दिवसापासून पोर गप्प. वहिनीनं घोकंपट्टी सुरू केली. भिंगरी पोपटासारखी म्हणायची, पाटीवर मात्र पुन्हा ३९. माझा स्वभाव तापट, "डोकं कुठं ठेवलंस?" हे ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात तिनं पाटी पोटाशी धरून लपवली, आणि मी तिच्या शेजारी खाली बसले.

"असं कर," मी म्हणाले, "तू बाई, मी भिंगरी. मला शिकव एकोणतीस."

तिनं संशयानं पाहिलं. मग खडू उचलला.

"हे बघ. तीस ऐकू आलं की आधी तीन. बत्तीस, तेहतीस, सगळ्यांना तीनच असतो ना?"

"हो बाई."

"आणि एकोणीसमध्ये नऊ असतो. म्हणजे एकोण म्हणजे नऊ. झालं! एकोणतीस."

मी थक्क. पोरीचं डोकं जागच्या जागी होतं. उत्तर तेवढं चुकलं होतं, विचार अस्सल होता. कुणी तिला "का?" असं विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

स्वयंपाकघरात अंड्यांचा भरलेला ट्रे होता, तिसांचा. मी त्यातलं एक अंडं काढून वाटीत ठेवलं. "मोज."

तिनं मोजली. "वीस आणि नऊ."

"याला म्हणतात एकोणतीस. का म्हणत असतील गं?"

उत्तर माझ्या जिभेवर वळवळत होतं. मी ते गिळलं. शिक्षकाला याहून कठीण काम नाही. भिंगरी त्या रिकाम्या खळग्याकडे टक लावून बसली. वहिनी बोलायला लागली, तिला मी डोळ्यांनीच दटावलं.

"एक नाहीये!" भिंगरी ओरडली. "तीस व्हायला एक कमी! एकोण म्हणजे नऊ नाहीच, एकोण म्हणजे एक उणा!"

शुक्रवारी सरांनी एकोणसाठ विचारलं, एकोणऐंशी विचारलं. तिनं दोन्ही आकडे बरोबर लिहिले आणि वळून म्हणाली, "सर, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला नाही माहीत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, हिला इथंच राहू दे. पहिलीच्या बाईंना कशाला छळायचं?"

त्या संध्याकाळी पट्टा पुन्हा सुरू झाला. जेवायला बसताना भिंगरीनं आम्हाला बोट दाखवत मोजलं: आजोबा, आई, आत्या, स्वतः. मग दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"आत्या, आज आपण एकोणपाच आहोत."

"चार म्हणतात गं वेडे," आजोबा म्हणाले.

"चार नाही," ती म्हणाली. "चार म्हटलं की बाबा मोजलेच जात नाहीत."

वहिनीनं तोंड फिरवलं. मला चूक दुरुस्त करायची सवय आहे. ही मी केली नाही.