पायाखालची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. नाक मुरडू नका. टीव्हीवर एका बाईने पहिल्यांदा संध्याकाळच्या सातच्या बातम्या वाचल्या, तेव्हा तिचा चेहरा साऱ्या देशाने पाहिला. तिचे पाय कुठे होते ते कोणी पाहिले नाही. ते माझ्या डोक्यावर होते. हे सांगताना माझी मान ताठ होते.

मी काही शिसवी खानदानातली नव्हे. स्टुडिओतल्या दिव्यांच्या काचा पोटात घेऊन मी इथे आले. काचा काढून घेतल्या आणि मला जिन्याखाली ढकलले. शिक्षण म्हणाल तर माझ्या अंगावर 'सांभाळून उचला' एवढे दोनच शब्द छापलेले होते, आणि तेही कोणी पाळले नाहीत.

आमच्या बाई तेव्हा बातमी विभागात टाइपिस्ट होत्या. सहा वर्षे त्यांनी बातम्या टाइप केल्या आणि पुरुषांनी त्या वाचल्या. रांधायचे एकीने आणि वाहवा वाढणाऱ्याची, तशातली गत. एके दिवशी वाचणाऱ्या महाशयांचा घसा बसला. संपादक म्हणाले, बाईंना बसवू. मोठे साहेब म्हणाले, "बाईच्या आवाजात बातमीला वजन येत नाही."

"मग आज मुक्या बातम्या दाखवायच्या का?" संपादकांनी विचारले.

बाई बसल्या. पण टेबल उंच, खुर्ची उंच, सगळे सहा फुटी पुरुषाच्या मापाचे. बाईंचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत राहिले. पाय अधांतरी, तर आवाज कुठून स्थिर राहणार? मेकअप करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांची जीभ म्हणजे कात्री.

"अहो सुतार, बघत काय बसलाय? पोरगी काय पाळण्यात बसलीय? द्या की काहीतरी पायाखाली!"

सुताराने मला जिन्याखालून ओढून काढले. पुढे त्याने रंधा मारून माझी कुसळे काढली आणि मी करकरू नये म्हणून खालून बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ठोकली. बातम्या चालू असताना बोलायचा हक्क तिथे एकीलाच होता.

त्या दिवशीच्या बातम्या नीट पार पडल्या, तेव्हा साहेबांनी बजावले, "दीड महिना बघू. एक चूक झाली की परत टाइपरायटर."

घरी सासूबाई शेजारणींना गोळा करून टीव्हीपुढे बसत. "माझ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही हो तिनं," त्या म्हणत, "आणि आता बघा, सगळ्यांना गप्प बसवून बोलतेय!"

मित्रांनो, आमच्याकडे एक रीत होती. बातमी तपासून झाली की संपादक कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने खूण करत. खूण नाही तर बातमी नाही. घाईत पुरुषमंडळी कोपऱ्याकडे बघतही नसत. बाई आधी कोपरा बघत, मग अक्षरे.

पाचव्या आठवड्यात एका बोगद्याचे तोंड ढासळले. आत चौदा कामगार अडकले. सातच्या बातम्या चालू असतानाच कोणीतरी बाईंच्या टेबलावर एक कागद सरकवला. 'बोगद्यातील सर्व चौदा कामगार ठार.' कोपरा कोरा. संपादक पलीकडच्या खोलीत फोनला चिकटलेले. रेडिओने ही बातमी सांगूनही टाकली होती. काचेपलीकडून साहेब हातवारे करत होते, वाचा, वाचा!

वर बाईंचा चेहरा शांत होता. खाली त्यांच्या टाचा थरथरत होत्या, ते फक्त मला ठाऊक. मग त्यांनी तो कागद हळूच खाली सोडला आणि त्याच्यावर पाय दाबून ठेवला. थरथर थांबली.

"बोगद्यातील कामगारांबद्दलची पक्की बातमी अजून हाती आलेली नाही. हाती येताच सांगू," असे म्हणून त्या पुढच्या बातमीकडे वळल्या. कागद सरकत माझ्या फळीच्या फटीत गेला.

बातम्या संपताच साहेब आत आले. "मी हात दाखवत होतो, दिसला नाही?"

"दिसला. त्यात लाल पेन्सिल नव्हती."

"रेडिओच्या मागे पडलो आपण!"

"साहेब, त्या चौदा घरांत आत्ता टीव्ही लागलेला असेल. आज मी माणसं मारू आणि उद्या परत जिवंत करू?"

"उद्यापासून टाइपरायटर," साहेब म्हणाले आणि दार आपटून गेले.

दुसऱ्या दिवशी बाई मुकाट्याने टाइप करायला बसल्या. दुपारी फोन आला. बाजूच्या भुयारातून अकरा जण जिवंत बाहेर आले होते. तिघे गेले. ती बातमी बाईंनीच टाइप केली. संपादकांनी कोपऱ्यात लाल खूण केली आणि कागद परत बाईंच्याच हातात दिला. "सातला तुम्हीच वाचा."

काहींना माफी मागणे फार जड जाते. साहेबांनी सुताराला सांगून माझ्या वरच्या फळीवरही नवी बनात ठोकून घेतली. मी समजले. फटीतला कागद मात्र तिच्याखाली तसाच राहिला.

पुढची बावीस वर्षे मी त्या पायांखाली होते. बाईंच्या मागोमाग आणखी बायका आल्या, आणि बाईच्या आवाजाला वजन नसते असे म्हणायची कोणाची छाती राहिली नाही. मग खालीवर होणाऱ्या खुर्च्या आल्या. मला गोदामात टाकले, वर रंगाचे डबे रचले. मी रडले नाही. मी काय पुठ्ठ्याची आहे?

यंदा बाई काठी टेकत स्टुडिओत आल्या. नव्या मंडळींशी बोलायला त्यांना बोलावले होते. खुर्चीत बसल्या आणि पाय पुन्हा अधांतरी! आताची बातम्या वाचणारी पोर खुर्ची खाली करायला धावली.

"खुर्ची राहू दे गं," बाई म्हणाल्या. "माझी पेटी कुठे आहे ते बघ."

मला शोधून आणले. बनात कुजून सुटली होती. तिच्याखालून पिवळा पडलेला कागद निघाला. पोरीने तो वाचला. मग तिची नजर कोऱ्या कोपऱ्यावर गेली.

"हे तुम्ही वाचलंच नाही? साहेब समोर असताना? भीती नाही वाटली?"

"वाटली की! या पेटीला विचार."

ती पोर बाईंहून हातभर उंच आहे. तिचे पाय जमिनीला आरामात टेकतात. तरी आता मी तिच्या टेबलाखाली असते. गेल्या आठवड्यात तिच्याकडे घाईघाईने एक बातमी आली आणि काचेपलीकडे पुन्हा हात हलू लागले. माझ्या डोक्यावर एक टाच घट्ट दाबली गेली. तो ओळखीचा दाब होता.

"पक्की बातमी अजून हाती आलेली नाही," पोर म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही हाती रोज काहीबाही येते. ते पुढे ढकलण्याआधी कोपरा बघत जा. खूण नसेल तर खुशाल पायाखाली दाबा. आणि ज्यांच्यावर पाय रोवून कोणी ताठ बसले, अशा जुन्या वस्तूंवर कृपा करून रंगाचे डबे ठेवू नका.