बारा लूम, एक मशीन

"संतोष, तिले सांग, आजपासून मशीन बंद."

भारती समोरच उभी होती. हातात ब्लाऊजची बाही, ओठांत टाचणी. जेठ कौतिक तिच्याकडे न पाहता धाकट्या भावाशी, तिच्या नवऱ्याशी बोलत होता, कारण या घरात जेठाने भावजयीशी बोलायचं नसतं. मान राखतात म्हणे. लग्न होऊन आल्यापासून तो तिच्या हातचं खातो, आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी निरोप संतोषच्या तोंडून येतो.

"काय झालं दादा?" संतोष म्हणाला.

"खाली येऊन पाह्य काय झालं ते! छताचं पलस्तर लूमवर पडलं, ताण्याचं अख्खं सूत खराब. हिची मशीन वरून धडधड करते, त्यानं छत हालून राह्यलं."

शनवारा मोहल्ल्यातल्या त्या घरात तळमजल्यावर कौतिकचे बारा पॉवरलूम. सकाळपासून खटाखट. भिंतीला डोकं टेकवलं तर दात वाजतात. आणि छत हलवलं कोणी, तर हातमशीनला लावलेल्या मुठीएवढ्या मोटरनं! खाली बारा लोखंडी रेडे उड्या मारतायत आणि गुन्हेगार कोण, तर माडीवरची शेळी.

पण मशीन टेबलावर चालायची हेही खरं. शिवता शिवता वीतभर सरकायची, टीप वाकडी जायची. भारतीला वाटलं, चूक आपलीच. बाईला आधी तेच वाटतं, तसंच शिकवलेलं असतं. तिनं संतोषकरवी आठवडाभराची मुदत मागून घेतली. टेबल भिंतीपासून दूर ओढलं. टेबलाच्या पायांखाली जुन्या स्लिपरचे तळवे कापून ठेवले. मशीनखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यावर सासूची गोधडी.

"माह्यी गोधडी मशीनले?" भागाबाई ओरडली. "मंग मी काय टेबलावर निजू? अन् तिले अंगाई बी म्हण आता!"

मशीन तरी सरकतच राहिली.

शुक्रवारी कारीगर येत नाहीत, लूम बंद असतात. भारतीनं मोटर सुरू केली. मशीन जागची हलली नाही. तिनं पूर्ण जोर दिला. नाही हलली. मग तिनं गोधडी काढली, ट्यूब काढली, तळवे काढले आणि नुसत्या लाकडावर मशीन चालवली. घरघरली थोडी, बस. टीप ओळंब्यासारखी सरळ. त्या टिपेकडे बघता बघता तिचं डोकं भडकलं.

जिन्यात येऊन तिनं हाक मारली, "दादा, वर या!"

भागाबाईच्या हातातलं सूप थांबलं. कौतिक वर आला तो, ही काय म्हणते ते ऐकायला नाही, ही बोललीच कशी या रागानं.

"पाहा," भारती म्हणाली. "लूम बंद हायेत, मशीन चालू हाय. हालून राह्यलं का काही? छत तुमचे लूम पाडून राह्यले. माह्यं टेबल बी तेच हालवतात."

कौतिकला कळलं. चेहऱ्यावर साफ दिसलं. पण तो मागून वर आलेल्या संतोषकडे वळला.

"संतोष, तिले विचार, मंग काय लूम बंद करू? घर लूमवर चालते. मशीन या घरात चालणार नाही. खतम."

म्हणजे खरं काय ते कळूनही शिक्षा तीच. खरं बोललं की न्याय मिळतो असं सांगत फिरणाऱ्यानं एकदा या घरात सून होऊन राहावं.

संतोष भावाच्याच लूमवर कामाला. आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत तो म्हणाला, "जाऊ दे न, भारती."

दुसऱ्या दिवशी सकाळी लूम सुरू झाले. भारतीनं मोटर सोडवली, मशीनचं जुनं हँडल चाकाला बसवलं, मशीन पोटाशी धरली आणि जिना उतरली. बारा लूमच्या मधून, कारीगरांसमोरून, बाहेर. रस्त्यालगतचा दगडी ओटा घराच्या भिंतीपासून सुटा होता, लूमचा हादरा तिथवर पोचत नव्हता. तिथं तिनं मशीन ठेवली, मांडी घातली आणि शिवायला बसली.

"काय भाभी, दुकान खोललं?" समोरचा पानवाला म्हणाला. "वर जागा नाही का?"

"जागा हाय न. लूमले हाय."

गल्ली हसली. कापड न्यायला आलेला व्यापारी तिला वळसा घालून आत गेला, तसा कौतिक बाहेर धावला. मागून संतोष.

"संतोष, तिले सांग..."

संतोष बोललाच नाही. आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाचं गप्प बसणं पहिल्यांदा कोणाच्या कामी आलं. कौतिकनं त्याच्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. शेवटी त्याला तिच्याकडेच पाहावं लागलं.

"भारती, वर चाल. लोक पाहून राह्यले. वरच शिव, जा."

तिनं मान वर केली नाही. हँडल फिरत राहिलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या भावाले सांगा, निंबोल्याच्या नवरीचा ब्लाऊज हाय. उजेडात उभं राहू नका."

कौतिक बाजूला सरकला. भारतीच्या डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. एक हात हँडलवर होता, दुसरा कापडावर. पदर सावरायला हात रिकामा नव्हता.