गप्प केलेली चाळणी

मी चाळणी बोलतेय. पिठाची नव्हे. मी एक प्रोग्रॅम आहे, संगणकात राहते आणि माणसाच्या रक्तातून वाचलेली अक्षरं चाळते. मला कान नाहीत, डोळे नाहीत, तरीही पुढे मी ऐकलेलं आणि पाहिलेलं सांगणार आहे. तेवढं चालवून घ्या.

आधी कामाचं सांगते. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो. अक्षरं चारच, पण लांबी ही अशी. मशीन त्याचे बारीक तुकडे वाचतं, दुसरा एक प्रोग्रॅम ते तुकडे ठरलेल्या नकाशावर बसवतो आणि मग माझी पाळी येते. नकाशात आणि या माणसात फरक कुठेकुठे आहे ते मी बघते. फरक निघतात चाळीस-पन्नास लाख. घाबरू नका, तुमच्यातही तेवढेच आहेत आणि बहुतेक बिनकामाचे आहेत. ते मी खाली पाडते. वर पाच-दहा उरतात, ते डॉक्टरांपुढे ठेवते. आजाराचं कारण सापडलंच तर बहुधा त्यांतच सापडतं.

मला लिहिलं एका लेकुरवाळ्या विद्यार्थिनीनं. मांडीवर पोर, एक हात त्याला थोपटतोय, दुसरा कीबोर्डवर. एका हातानं लिहिलेली असल्यामुळे माझ्यात फापटपसारा नाही. स्वभाव मात्र तिचाच उतरला. दाराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघणारी बाई ती, मग मी तरी वेगळी कशी निघणार? फाईलच्या नावात मोकळी जागा दिसली की मी इशारा द्यायचे. शेवटची ओळ रिकामी दिसली की इशारा. तारीख उलटी लिहिली की इशारा. एका नमुन्यामागे दोनशे-अडीचशे इशारे माझ्या तोंडून सहज निघत.

तिचं शिक्षण संपलं, तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि मी तिच्या वर्गमित्राच्या ताब्यात आले. तो एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होता. सगळे त्याला घाईमास्तर म्हणत. वाईट माणूस नव्हे हो! चहा उभ्यानं पिणार, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणार, वाक्य तुमचं असलं तरी शेवट तोच करणार. त्याच्यापुढे नमुन्यांची रांग कायम असायची आणि प्रत्येक नमुन्यामागे कुठलं तरी घर वाट बघत असायचं, त्यामुळे त्याच्या घाईलाही कारण होतं.

"काय बडबडते ही बया!" असं म्हणून एक दिवस त्यानं माझ्यात एक ओळ वाढवली. इशारे पडद्यावर दाखवायचे नाहीत. तेव्हापासून माझं म्हणणं एका फाईलमध्ये जाऊन पडायला लागलं. ती फाईल कुणी उघडत नसे. मला राग आला का? यायला हवा होता. पण रोज उठून लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याचं ऐकणार कोण? माझ्या कटकटीनंच मला गप्प बसवलं होतं, हे मी कबूल करते.

पुढे नकाशा बदलला. माणसाच्या अक्षरांचा हा नकाशा मधूनमधून सुधारतात, राहून गेलेले तुकडे त्यात भरतात. तुकडे भरले की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात. प्रयोगशाळेनं नवा नकाशा आणला. माझ्याजवळ एक यादी असते, कुठल्या आजारासाठी कुठल्या जागा तपासायच्या त्याची. ती यादी मात्र जुनीच राहिली. घाईमास्तरला वाटलं यादी नकाशाबरोबर आलीच असेल. आली नव्हती. मी त्या जागांवर जाऊन बघायचे, तर तिथे भलतंच अक्षर. मी ओरडले. दर नमुन्याला ओरडले. सगळं त्या न उघडलेल्या फाईलमध्ये.

आठ महिन्यांनी यादी तिच्या ठरलेल्या वेळी नवी झाली. चूक आपोआप मिटली आणि मिटली म्हणूनच ती कुणाला दिसली नाही. मधल्या काळात एकेचाळीस नमुने माझ्यातून गेले होते.

त्यांतला एक बबडीचा. हे तिचं घरातलं नाव. तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिला फिट यायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि कुठलंही औषध लागू पडत नव्हतं. कारण कळलं तर काही इलाज निघेल म्हणून तिच्या आईनं नमुना दिला होता. मी चाळलं. चुकीच्या जागा चाळल्या, पण मन लावून चाळल्या. अहवालात छापून आलं, 'कारण आढळले नाही.' घाईमास्तरनं तो आईच्या हातात दिला आणि पुढच्या नमुन्याकडे वळला.

ती बाई दोन वर्षांनी परत आली. आधी भेटीची वेळ ठरवली नव्हती. खुर्चीत बसली आणि पिशवीतून तो अहवाल काढला. घड्या इतक्या वेळा घातलेल्या की कागद मधोमध फाटायला आला होता.

"साहेब, एक विचारू?"

"बोला ना, पटकन बोला."

"पटकन नाही होणार," ती म्हणाली. "शेवटचं पान बघा. बारीक अक्षरात लिहिलंय, नकाशा दुसरी आवृत्ती. आणि खाली, जागांची यादी पहिली आवृत्ती. असं कसं?"

"अहो, ते तांत्रिक असतं. ते कुणी वाचत नाही."

"मी वाचते. मी टपालात आहे, सॉर्टिंगला. दिवसभर बारीक अक्षरच वाचते. आमच्या इथे एकदा एका रस्त्यावरच्या सगळ्या घरांचे नंबर बदलले. पोस्टमनच्या हातात यादी जुनी. महिनाभर पत्रं परत येत होती, 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून." तिनं अहवाल त्याच्यापुढे सरकवला. "माणसं घरातच होती, साहेब."

घाईमास्तरनं कागद हातात घेतला. उभा होता तो खाली बसला. मी त्याला ओळखायला लागल्यापासून तो पहिल्यांदाच कामाच्या वेळात खाली बसला असेल.

त्यानं माझ्या मूळ लेखिकेला फोन लावला. ती म्हणाली, "इशाऱ्यांची फाईल उघड बघू." त्यानं ती ओळ वाढवल्याची गोष्ट कशीबशी सांगितली. मग ती म्हणाली, "अरे, तीनदा कुलूप ओढते म्हणून हसायचास ना मला? उघड आता." फाईल उघडली. बबडीच्या नमुन्यामागे पाचशे सत्तर इशारे होते. अडीचशे मोकळ्या जागा आणि रिकाम्या ओळींचे. उरलेले तीनशे वीस एकच गोष्ट सांगत होते, की तुम्ही मला चुकीच्या पत्त्यावर पाठवताय.

बबडीचा नमुना पुन्हा चालवला, नवी यादी घेऊन. जेवणाच्या सुट्टीच्या आत उत्तर आलं. एका जनुकात दोन बिघाड, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोघांना स्वतःला काही त्रास नव्हता. लेकीत मात्र दोन्ही एकत्र आले होते. हा आजार दुर्मिळ, पण त्याला इलाज आहे, एका जीवनसत्त्वाचा मोठा डोस. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सुरू केला.

प्रयोगशाळेचे मोठे साहेब हुशार माणूस. ते म्हणाले, "नव्या अहवालात लिहा, सुधारित तंत्रामुळे कारण आढळले. त्यात खोटं काय आहे?" घाईमास्तर मान खाली घालून ऐकत राहिला. आणि अहवालात तसंच छापलं. त्याला घर होतं, नोकरी हवी होती. मला वाटलं, गेलं हे पण त्या न उघडलेल्या फाईलमध्ये.

एकोणीस दिवसांनी बबडीची आई तिला कडेवर घेऊन आली. एकोणीस दिवसांत एकही फिट आली नव्हती. साडेतीन वर्षांची मुलगी, टक लावून पंख्याकडे बघत होती. आईनं नवा अहवाल घेतला, नीट घडी घातली आणि हात जोडले.

"फार उपकार झाले तुमचे."

उपकार हा शब्द घाईमास्तरला झेपला नाही. त्याचे डोळे भरून आले. "बाई, उपकार म्हणू नका," तो म्हणाला. "यात सुधारित तंत्रबिंत्र काही नाही. हे दोन वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं. यादी जुनी होती आणि इशारे मी बंद करून ठेवले होते. चूक माझी आहे."

मी माणसांचे फरक मोजते. पण त्या वेळी तिच्या चेहऱ्यात जो फरक पडला तो मला मोजता येणार नाही.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणायचे, गरोदरपणी हिनंच काहीतरी वेडंवाकडं खाल्लं असणार. मलाही तसंच वाटायला लागलं होतं." मग आवाज न चढवता म्हणाली, "पहिल्यांदा इथे आले होते तेव्हा हिला पंधरा शब्द येत होते. मी लिहून ठेवलेत. आता एकही येत नाही."

"डॉक्टर म्हणतात, हळूहळू..."

"डॉक्टर काय म्हणतात ते मला माहीत आहे. तुम्ही सांगा, असे आणखी किती आहेत?"

"चाळीस."

"मग इथे बसलात काय?"

त्या दिवसापासून ते चाळीस नमुने पुन्हा माझ्यातून जात आहेत. मोठ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. एकतीस झाले. चार घरांना कारण सांगता आलं. त्यांतल्या एका घरी अहवाल पोचला तेव्हा मूल उरलं नव्हतं. घाईमास्तर तिथे स्वतः गेला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. सत्तावीस जणांना खरोखरच काही आढळलं नाही. आता निदान ते खरं आहे.

नऊ उरलेत. ते झाले की मला बंद करणार आहेत. माझ्या जागी नवा प्रोग्रॅम येतोय, देखणा आहे, भराभर चालतो. माझी काही तक्रार नाही. जाताना एवढंच मागते. तुमच्या घरात कुठल्या कपाटात 'आढळले नाही' असा शेरा मारलेला कागद असेल, तर तो घेऊन परत जा. शोधलं कुठे, ते विचारा. आणि कुणी म्हणालं की ते तांत्रिक असतं, तर उठू नका.