आत्याची बाजू

आत्याचं दार अडकायला लागलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लाकूड फुगलं असेल म्हणून तिने सुताराकडून रंधा मारून घेतला. दार सरळ झालं आणि खिडकी रुसली. खिडकीचं निस्तरतंय तोवर मधल्या भिंतीत केसाएवढी रेघ उमटली, आणि हळूहळू ती एवढी रुंदावली की आत्याने शिवणकामाची पट्टी उभी घातली तर ती आत गेली.

आता ही मधली भिंत काही साधी नव्हती. तिच्या एका अंगाला आत्या राहायची आणि दुसऱ्या अंगाला तिचा थोरला भाऊ. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. ते गेल्यावर दोघांनी समजुतीने वाटून घेतलं. टेकडीकडची बाजू भावाला, रस्त्याकडची आत्याला, कारण तिला शिवणाचं दुकान रस्त्यावर हवं होतं. सगळं गोडीगुलाबीने झालं. मग भावाने आपल्या बाजूवर मजला चढवला आणि थोड्याच दिवसांत भेगा दिसायला लागल्या. आत्याला एवढं पुरेसं होतं. दादाच्या मजल्याने माझं घर फाडलं, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, शेजाऱ्यांना सांगायची, दूधवाल्यालासुद्धा तिने सोडलं नाही. दादा म्हणाला, "माझा मजला माझ्या डोक्यावर आहे, तुझ्या नाही." तिथून बोलणं तुटलं ते तुटलंच.

दादाची मुलगी भूशास्त्रज्ञ होती. जमिनीची हालचाल मोजणाऱ्या सरकारी कार्यालयात नोकरी. तिची आई लवकर गेली होती आणि तिची वेणीफणी, आजारपणं, परीक्षेच्या पहाटेचे चहा, सगळं आत्यानेच केलेलं. त्यामुळे ती दोन्ही दारांनी जायची आणि दोन्हीकडे ऐकून घ्यायची.

"तू शिकलेली आहेस ना जमिनीचं?" आत्या म्हणायची. "मग सांग की तुझ्या बापाला, वजनाने जमीन खचते."

"खचते कधी कधी," ती म्हणायची आणि विषय बदलायची. खरं तर तिलाही आत्याचंच बरोबर असेल असं वाटत होतं. बापाविरुद्ध निकाल द्यायचा धीर होत नव्हता, एवढंच.

अशातच एका सकाळी कार्यालयातल्या दुर्बिणीने तिला हाक मारली. दुर्बीण हे तिच्या सहकाऱ्याचं टोपणनाव. उपग्रहाच्या रडारची चित्रं जुळवून कुठली जमीन किती हलली ते काढणं हे त्याचं काम. दिवसभर पडद्याला नाक लावून बसायचा, म्हणून दुर्बीण. त्याने गावाचं चित्र लावलं होतं. टेकडीचा उतार पांढरा, म्हणजे जागचा न हललेला, आणि खालचं अर्धं गाव निळं.

"हे तुम्ही उलटं लावलंय," ती म्हणाली. "खचणारी जमीन तांबडी दाखवतो ना आपण?"

"हो."

"मग माझ्या आत्याच्या भिंतीला भेग पडलीय त्या गावात निळा कसा?"

"मलाही तेच वाटलं, मॅडम. पुन्हा पुन्हा तपासलं. निळाच येतोय. गाव वर येतंय."

ती खुर्चीत बसली. मग उठली, चित्राजवळ गेली, पुन्हा बसली. आत्याचं घर तिने लगेच ओळखलं. पांढरा आणि निळा जिथे भेटत होते, बरोबर तिथे.

यंत्राने सांगितलेलं पायाने चालून बघायचं, ही तिची जुनी सवय. टेकडीच्या कातळात ठोकलेल्या पितळी खुणेपासून तिने उंची मोजत खाली यायला सुरुवात केली. तिपाईवर दुर्बीण, म्हणजे खरीखुरी काचेची, आणि पुढे आकड्यांची उभी पट्टी धरून बोलकी दुर्बीण. गल्लीगल्लीतून दोघं उतरली. लोक दारात येऊन विचारायचे, "किती खचलंय हो?" ती म्हणायची, "बघतोय." दुसरं काय म्हणणार? जुन्या मोजणीशी ताडून पाहिलं तर दर खुणेला आकडा वरच जात होता. रस्त्याच्या पलीकडे तर चांगली तीन बोटं.

"कदाचित टेकडीच खाली जात असेल," ती म्हणाली. "गाव आहे तिथेच, आणि आपल्याला मात्र वर आल्यासारखं वाटतंय."

"कातळाची टेकडी खाली जाईल?"

"माहीत नाही. आज मला काहीच माहीत नाही." तरी खात्री म्हणून तिने दूरच्या दुसऱ्या कातळावरून मोजून पाहिलं. टेकडी जागची हललेली नव्हती.

तेवढ्यात एका बातमीदाराचा फोन आला. तिने त्याला स्पष्ट सांगितलं की गाव वर येतंय, कारण अजून शोधतोय. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा आला: 'गाव खचतंय, तज्ज्ञांचा दुजोरा'. तिने जाब विचारला तर तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्ही घाईत उलटं बोललात."

आत्याने ते वर्तमानपत्र दुकानाच्या काचेला चिकटवलं, भावाला जाता-येता दिसेल असं.

"काढ ते," भाचीने सांगितलं. "चुकीचं आहे. जमीन वर येतेय."

"वर?" आत्याने मशीन थांबवलं. "जमीन काय पाव आहे फुगायला?"

"मलाही कळत नाहीये, आत्या."

"बापाला वाचवायला बघतेस तू," आत्या म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं. टीप वाकडी गेली, तरी ती शिवतच राहिली.

ते बोलणं तिला लागलं. घरी येऊन ती बाबांच्या वरच्या मजल्यावर गेली. कुणीच राहत नसल्याने तिचंही तिथे कधी जाणं होत नसे. मजला ओकाबोका होता. कपाट नाही, खाट नाही, पाण्याची टाकीसुद्धा काढून खाली अंगणात ठेवलेली. बाबा नेहमी सांगायचे, भाडेकरू मिळत नाही.

"बाबा, टाकी का काढलीत?"

"वजन कमी केलं," ते म्हणाले. "तिचं म्हणणं खरं असलं तर? तोंडाने कबूल करवत नव्हतं."

आता ती पुरतीच गोंधळली. आत्याची खात्री, बाबांची धास्ती, आणि चित्रातला तो निळा रंग. तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसेना. जमीन फुगवायची तर खाली काहीतरी शिरायला हवं. काय शिरणार? जुन्या बोअरच्या नोंदींवरून एवढं ठाऊक होतं की निळ्या भागाखाली चिकणमातीचे जाड थर आहेत आणि पांढऱ्याखाली कातळ. मग पाणीच बघू या, म्हणून ती गावातल्या बुजल्यासारख्या पडून असलेल्या विहिरी शोधत निघाली.

पहिल्याच विहिरीत तिने मोजपट्टी सोडली आणि पट्टी लगेच ओली झाली. तिला वाटलं, कुठेतरी कपारीत अडकली असेल. पुन्हा सोडली. तेच. लहानपणी याच विहिरीत दगड टाकला की आवाज यायला किती वेळ लागायचा. मग दुसरी विहीर, मग कापड रंगवायच्या कारखान्यामागची. सगळीकडे पाणी हाताशी आल्यासारखं वर. कारखान्याच्या फाटकाला कुलूप होतं. तिथे उभं राहून गंजलेल्या जाड नळांकडे बघताना तिला उलगडलं. कारखाना पिढ्यानपिढ्या रात्रंदिवस पाणी उपसत होता. पाणी गेलं तशी माती दबत गेली आणि गाव कुणाच्या नकळत खाली बसलं. त्या दबलेल्या जमिनीवर आजोबांनी घर बांधलं. मग बाबांनी मजला चढवला त्याच सुमाराला कारखाना बंद पडला, पंप थांबले, पाणी परत आलं आणि मातीने पुन्हा श्वास घेतला. आत्याची बाजू मातीवर होती, बाबांची कातळावर. मधल्या भिंतीने दोन्हीकडची ओढ सोसली आणि ती फाटली.

तिने बाबांना हाताला धरून आत्याच्या दुकानात आणलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. कापडाच्या गठ्ठ्यावर हात दाबून माती कशी बसते आणि हात काढल्यावर थोडी कशी वर येते, तेही दाखवलं.

आत्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मजल्याने नाही?"

"नाही."

"कुणीच नाही केलं?"

"कारखान्याने पाणी उपसलं, मग थांबवलं. मुद्दाम कुणी काही केलं नाही."

"मग मी इतकी वर्षं कुणाशी भांडले?"

निर्दोष ठरलेला माणूस हलका दिसायला हवा, पण बाबा दुसऱ्याचाच सदरा घालून आल्यासारखे अवघडून उभे होते.

"मजला मात्र बेढबच आहे," आत्या म्हणाली.

"तो आहेच," बाबा म्हणाले.

पुढचं काम इमारतीच्या अभियंत्याचं. त्याने सांगितलं की घर वाचवायचं तर मधली भिंत काढून शेजारी शेजारी दोन भिंती बांधायच्या, मध्ये मोकळी फट ठेवायची, म्हणजे ज्या बाजूला हलायचं ती खुशाल हलेल. त्याला दोघांची संमती लागणार होती. दोघांनी ती दिली, पण आधी फट कुणाच्या जागेतून जाणार यावर तासभर घासाघीस केली. काम चाललं तोवर आत्या मशीन घेऊन बाबांच्या वरच्या मजल्यावर राहिली. तिथला उजेड शिवणाला चांगला आहे हे तिने एकदाच कबूल केलं, तेही भावाला नाही, भाचीला.

पुढच्या मोजणीत वर येण्याचा वेग मंदावलेला दिसला. ते सांगायला ती आत्याकडे गेली.

"म्हणजे जमीन आता मूळ जागी येणार?" आत्याने विचारलं.

"पूर्ण नाही. दबलेली सगळी माती उठत नाही. आणि मूळ जागा म्हणशील तर..." ती अडखळली. कारखान्याआधीची? विहिरींच्या आधीची? नदीने हा गाळ आणून टाकला, त्याच्याही आधीची? शिकवताना ती हे झरझर सांगायची. आत्यासमोर मात्र एकही उत्तर धड वाटेना.

"माहीत नाही, आत्या," ती म्हणाली.

आत्याने दोरा दाताने तोडला. "बापासारखीच आहेस, एक सरळ उत्तर देशील तर शपथ. बस, जेवून जा."